नोडमधील मॉड्यूलांची देवघेव

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या कॉलेजच्या फीच्या खिडकीवर दोन विद्यार्थी एकाच वेळी तक्रार घेऊन आले. दोघांच्या हातांत पावत्या होत्या. दोन्ही त्याच दिवसाच्या, नावे वेगळी, रकमाही वेगळ्या. पण क्रमांक मात्र एकच, ४०१. एक पावती प्रवेश-फीची, दुसरी वसतिगृहाची. पावतीपुस्तकाशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे त्याला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एका क्रमांकाच्या दोन पावत्या म्हणजे एक पावती हिशेबात दाखवायची आणि दुसरी खिशात घालायची, असा संशय प्रथम मनात येतो. त्या दिवशीच्या कागदांत अशा सात जोड्या निघाल्या. आमचे फी-कारकून, ज्यांना सारे कॉलेज अण्णा म्हणते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले गृहस्थ. रोकड पैशापैशाने जुळत होती. तरीसुद्धा त्यांच्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला.

वास्तविक अण्णांनी त्या पावत्या हाताने लिहिल्याच नव्हत्या. त्या एका प्रोग्रामाने छापल्या होत्या, आणि तो प्रोग्राम आमच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी माझ्या देखरेखीखाली लिहिला होता. तेव्हा खुलासा द्यायचाच तर तो मी द्यायला हवा होता. तो देण्यासाठी मला जे पुन्हा मुळापासून तपासावे लागले तेच आज आपणांपुढे मांडतो. विषय थोडा तांत्रिक आहे खरा. सर्व्हरवर चालणारा जावास्क्रिप्ट भाषेतला प्रोग्राम आपले निरनिराळे तुकडे एकमेकांकडून कसे मागून घेतो, हा तो विषय. ह्या तुकड्यांनाच मॉड्यूल म्हणतात. ज्यांनी ही भाषा कधी लिहिली नाही त्यांनाही गोष्ट समजावी असा प्रयत्न करतो. लिहिणाऱ्यांनी मधूनमधून थोडा धीर धरावा, म्हणजे झालं.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना तयार केली, आणि तिचा पहिला आराखडा सुमारे दहा दिवसांत उभा केला. तिचे काम तेव्हा फार छोटे होते : ब्राउझरमधल्या पानावर थोडी हालचाल आणणे, अर्जातला एखादा रकाना रिकामा राहिला तर तसे सांगणे, इतकेच. अशा कामाला एकदोन फायली पुरत. त्या पानाला जोडल्या, की सगळ्यांतली नावे एकाच सामाईक अंगणात येऊन पडत. चाळीच्या गच्चीवर सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर वाळत घातले तर काय होईल, तेच येथे होई. दोन फायलींत 'एकूण' नावाची दोन व्हेरिएबल असली, की दुसरे पहिल्याला पुसून टाकी, आणि कोणाचा सदरा कोणाच्या घरी गेला ह्याचा पत्ता लागत नसे. भाषेत मॉड्यूल नावाची सोयच नव्हती.

पुढे २००८ साली गूगलने क्रोम ब्राउझर काढला आणि त्यात व्ही-एट नावाचे जावास्क्रिप्ट चालवणारे फार वेगवान इंजिन घातले. रायन डाल ह्या तरुणाने २००९ साली ते इंजिन ब्राउझरमधून उचलले आणि सर्व्हरवर बसवले. त्याचे नाव नोड. आता सर्व्हरवर पान नाही, तेव्हा पानाला फायली जोडण्याचा प्रश्नच उरला नाही. मग एका फाइलीने दुसरीला हाक मारायची कशी? योगायोग असा, की त्याच वर्षी जानेवारीत केव्हिन डँगूर ह्यांनी जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवण्यासाठी काही सर्वमान्य नियम असावेत म्हणून एक खटपट सुरू केली होती. तिला प्रथम सर्व्हरजेएस म्हणत. ऑगस्टमध्ये तिचे नाव कॉमनजेएस झाले. नोडने मॉड्यूलांची पद्धत ह्या खटपटीतूनच घेतली, आणि आजही हजारो प्रोग्राम त्याच पद्धतीने लिहिलेले आढळतात.

ही पद्धत समजायला सोपी आहे. प्रत्येक फाइल म्हणजे एक स्वतंत्र घर. घरात जे काही आहे ते बाहेरच्यांना दिसत नाही. घरधन्याने जे दारात आणून ठेवले असेल तेवढेच शेजाऱ्याला मिळते. दारात ठेवण्याच्या ह्या जागेचे नाव 'मॉड्यूल-डॉट-एक्सपोर्ट्स', आणि मागायला जायचे त्या हाकेचे नाव 'रिक्वायर'. आमच्या प्रोग्रामातली ओळ आपल्या लिपीत लिहायची तर ती अशी होईल :

कॉन्स्ट पावती = रिक्वायर('./पावती');

अर्थ असा : माझ्याच फोल्डरात पावती नावाची फाइल आहे, तिने दारात जे ठेवले असेल ते मला आणून दे आणि त्याला मी ह्यापुढे 'पावती' म्हणेन.

मग घराच्या भिंती कुठून आल्या? भाषेत मॉड्यूल नव्हते असे आताच म्हटले. नोडने येथे एक साधी युक्ती केली आहे. तो आपली फाइल जशीच्या तशी चालवीत नाही. चालवण्याआधी तिला एका फंक्शनच्या पोटात घालतो. फंक्शनच्या आतली नावे बाहेर दिसत नाहीत, हा जावास्क्रिप्टचा मूळचाच नियम. त्या फंक्शनच्या हाती नोड पाच वस्तू देतो : एक्सपोर्ट्स, रिक्वायर, मॉड्यूल, फाइलचे संपूर्ण नाव आणि ती ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता. विद्यार्थ्यांना वाटते की रिक्वायर हा भाषेतलाच एखादा शब्द आहे. तसे नाही. तो प्रत्येक फाइलच्या हाती ठेवलेला एक कामकरी आहे. हे एकदा लक्षात आले, की पुढच्या निम्म्या अडचणी सुटतात.

त्यांतली एक अडचण दर वर्षी माझ्या वर्गात ठरलेली. वर जी पाच नावे सांगितली त्यांत 'एक्सपोर्ट्स' आणि 'मॉड्यूल' अशी दोन आहेत. सुरुवातीला 'एक्सपोर्ट्स' आणि 'मॉड्यूल-डॉट-एक्सपोर्ट्स' ही एकाच ताटाची दोन नावे असतात. 'एक्सपोर्ट्स' ह्या नावाने ताटात काही वाढले तर ते पाहुण्याला मिळते, कारण ताट तेच. पण कोणी 'एक्सपोर्ट्स' म्हणजे हे नवे ताट, असे लिहिले, तर ते नाव तेवढे नव्या ताटाला चिकटते. पाहुण्यासमोर जाते ते जुनेच ताट, आणि ते रिकामे असते. पाहुणा उपाशी उठतो, आणि स्वयंपाक्याला कळत नाही की आपण एवढे रांधले ते गेले कुठे. नोड येथे कसलीही चूक दाखवीत नाही. माझे सांगणे एवढेच असते की पूर्ण नाव लिहा. बोटांना आठ-दहा अक्षरांचे कष्ट पडले तर पडू द्या.

आता रिक्वायर ही वस्तू शोधतो कशी, ते पाहू. मागितलेले नाव नोडच्या स्वतःच्या भांडारातले असले, जसे फायली वाचण्याचे 'एफएस' किंवा पत्ते जोडण्याचे 'पाथ', तर तो बाहेर जातच नाही. अलीकडे अशा नावापुढे 'नोड' आणि विसर्गासारखी दोन टिंबे लिहिण्याची रीत पडली आहे. तीमुळे हे घरचे आणि ते बाहेरचे, हा भेद वाचणाऱ्याला चटकन् कळतो, म्हणून ती पाळावी. नाव टिंब आणि तिरक्या रेघेने सुरू झाले, तर ती आपल्याच प्रोग्रामातली फाइल. एक टिंब म्हणजे ह्याच फोल्डरात, दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर. अशा वेळी शेवटचे 'डॉट-जेएस' लिहिले नाही तरी रिक्वायर चालवून घेतो. मागितलेले नाव फोल्डराचे निघाले तर त्यातली 'इंडेक्स' नावाची फाइल उचलतो.

आणि नाव टिंबाने सुरूही होत नाही, घरचेही नाही, असे असले तर? मग ते बाहेरून आणलेले पॅकेज. ते 'नोड-मॉड्यूल्स' नावाच्या फोल्डरात शोधायचे. कोणत्या नोड-मॉड्यूल्समध्ये? येथे नोड आपल्याकडच्या म्हणीच्या अगदी उलट वागतो. काखेत कळसा असताना तो गावाला वळसा घालीत नाही. आधी जिथे हाक मारणारी फाइल आहे त्याच फोल्डरातले नोड-मॉड्यूल्स पाहतो. तेथे नसेल तर एक पायरी वरच्या फोल्डरातले, मग त्याच्याही वरचे, असे करीत डिस्कच्या मुळापर्यंत जातो. मुळाशीही सापडले नाही म्हणजे 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल' असे सांगून मोकळा होतो. ह्या जिना चढण्यामुळेच कधीकधी एक गमतीचा प्रकार होतो : विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रोग्रामात पॅकेज घेतलेलेच नसते, पण वरच्या कुठल्यातरी फोल्डरात ते कधीकाळी घेतलेले पडून असते, म्हणून त्याच्या यंत्रावर सारे सुरळीत चालते आणि परीक्षकाच्या यंत्रावर चालत नाही. मग "सर, माझ्याकडे चालत होतं" हे वाक्य येते. ते खरेही असते, बरं का.

आता आपण अण्णांच्या पावतीजवळ आलो. रिक्वायरचा सर्वांत महत्त्वाचा गुण असा, की तो एखादी फाइल एकदाच चालवतो. दुसऱ्या कोणी तीच फाइल मागितली तर ती पुन्हा न चालवता, पहिल्या वेळी दारात आलेली वस्तूच तो दुसऱ्याच्याही हाती देतो. पहिल्या वेळचा परिणाम तो स्वतःजवळच्या एका वहीत टिपून ठेवतो, तिला कॅश म्हणतात. हिशेबातली रोकड नव्हे, केवळ उच्चार सारखा. ह्या गुणावर विसंबून मी वर्गात सांगितले होते की सगळ्या प्रोग्रामाला मिळून एकच हवी अशी वस्तू मॉड्यूलमध्ये ठेवावी. पावतीचा क्रमांक ही नेमकी तशी वस्तू. विद्यार्थ्यांनी 'पावती' नावाची फाइल केली. ती सकाळी सुरू होताना कालचा शेवटचा क्रमांक, म्हणजे ४००, वाचून घेई, आणि कोणी पुढचा क्रमांक मागितला की एक वाढवून देई. मुलाने लिहिलेला प्रवेशाचा भाग आणि मुलीने लिहिलेला वसतिगृहाचा भाग, दोघेही ह्याच फाइलकडून क्रमांक घेत. मग ४०१ दोनदा आला कसा?

संध्याकाळी मी तो प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घेतला. ऑफिसातले यंत्र विंडोजचे, माझे लिनक्सचे. माझ्याकडे तो सुरूच होईना. 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल'. वाचून पाहतो तर प्रवेशाच्या भागात पावती हे नाव रोमन लिपीत सगळे लहान अक्षरांनी लिहिलेले, आणि वसतिगृहाच्या भागात पहिला 'पी' मोठा. लिनक्सला ही दोन वेगळी नावे. मोठ्या 'पी'ची फाइल डिस्कवर नव्हतीच, म्हणून त्याने हात वर केले. विंडोज मात्र साधारणपणे फायलींच्या नावात लहान-मोठे अक्षर मानीत नाही. त्याने दोन्ही वेळा तीच फाइल काढून दिली. पण नोडच्या वहीत नोंद होते ती पत्त्याच्या अक्षरांवरून! दोन पत्ते, म्हणून दोन नोंदी. दोन नोंदी, म्हणून तीच फाइल दोनदा चालली. दोन्ही वेळा तिने सकाळचा ४०० वाचला. आणि दोन मोजणाऱ्यांनी आपापल्या जागी ४०१ पासून सुरुवात केली.

नोडच्या अधिकृत माहितीत हा इशारा दिलेला आहे. मी तो वाचलेला होता. शिकवताना मात्र "मॉड्यूल एकदाच चालतं" एवढा अर्धा नियम सांगितला, आणि "एका पत्त्यामागे एकदाच" हा उरलेला अर्धा गाळला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला चूक दाखवली तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "पण सर, तुम्हीच म्हणाला होता ना, की एकदाच चालतं?" तिचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते.

मी प्राचार्यांना एक पानभर खुलासा लिहून दिला आणि त्याची प्रत अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती दोनदा वाचली आणि विचारले, "म्हणजे दोन खिडक्यांना एकच पावतीपुस्तक द्यायचं होतं, आणि यंत्रानं एकाच पुस्तकाच्या दोन प्रती उघडल्या, असंच ना?" अगदी असेच. माझ्या पानभर मजकुरापेक्षा हे वाक्य सरस होते. मी ते खुलाशात वरच्या ओळीत घालून कागद पुन्हा छापला.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलांना देवनागरी नावे देता येतात, आणि फायलींनाही. आपल्या लिपीत लहान आणि मोठी अक्षरे हा भेदच नाही. फाइलचे नाव 'पावती' असे मराठीत दिले असते तर हा विशिष्ट घोटाळा झालाच नसता. ऱ्हस्व-दीर्घाचे घोटाळे मग झाले असते, ते सोडा.

आणखी एक चूक होती, आणि ती मुलांची नव्हे, माझी. पावतीचा क्रमांक मॉड्यूलच्या पोटात ठेवणेच मुळात कच्चे काम. कॅशची वही ही एका चालू प्रोग्रामापुरती असते. कामाचा ताण वाढला म्हणून सर्व्हरवर त्याच प्रोग्रामाच्या दोन प्रती चालवल्या, तर प्रत्येकीची वही वेगळी, आणि पुन्हा ४०१ दोन. प्रोग्राम मध्येच बंद पडला तर पोटातला क्रमांक गेलाच. ज्याच्यावर कोणाची अब्रू अवलंबून आहे असा आकडा डेटाबेसात ठेवावा आणि तो दोनदा येऊच नये असे बंधन तेथेच घालावे. आता तसे केले आहे.

एकमेकांवर अवलंबलेल्या मॉड्यूलांचाही एक प्रश्न असतो. समजा, प्रवेशाची फाइल वसतिगृहाची मागते, आणि वसतिगृहाची फाइल उलट प्रवेशाची मागते. कचेऱ्यांत आपण हे पाहिलेले असते : हे साहेब म्हणतात, आधी त्यांची सही आणा, ते साहेब म्हणतात, आधी ह्यांची. नोड अशा वेळी अडून बसत नाही. प्रवेशाची फाइल अर्धी चालून थांबली असेल तर तिने तोपर्यंत दारात जेवढे ठेवले तेवढेच वसतिगृहाला देतो. अर्धा भरलेला अर्ज. पुढे त्यातला रिकामा रकाना कोणी वापरायला गेला की 'हे फंक्शनच नाही' अशी तक्रार येते, आणि ती अशा ठिकाणी येते की खरे कारण तिथून दिसतच नाही. दोघांना लागणारी गोष्ट तिसऱ्या फाइलीत काढून ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय.

बाहेरून आणलेल्या पॅकेजांविषयी आता थोडेसे बोलतो; विषय मोठा आहे, पण टाळता येत नाही. ही पॅकेजे आणून देणारा एनपीएम हा कारभारी २०१० साली आयझॅक श्लूटर ह्यांनी सुरू केला. एक आज्ञा दिली, की पॅकेज येते, त्याला लागणारी पॅकेजे येतात, त्यांनाही लागणारी येतात. एका पाहुण्याला बोलवावे आणि त्याच्याबरोबर सारा गोतावळा यावा, तसे. हा गोतावळा किती नाजूक असतो ते २२ मार्च २०१६ रोजी जगाला दिसले. 'लेफ्ट-पॅड' नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. मजकुराच्या डाव्या बाजूला शून्ये किंवा रिकाम्या जागा भरून त्याची लांबी ठरावीक करणे, एवढेच त्याचे काम. आमच्या पावतीवर ४०१ चा ००४०१ होतो तसे. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, आणि त्याच्या कर्त्याने रागाने आपली सारी पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. लेफ्ट-पॅडही त्यांत गेले. त्यावर, आपल्याला नकळत, बेबेलसारखी मोठमोठी साधने अवलंबून होती. ठिकठिकाणी कामे बंद पडली, आणि शेवटी एनपीएमला ते पॅकेज स्वतः परत ठेवावे लागले. पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियमही कडक झाले. शून्ये भरण्याची सोय २०१७ सालच्या प्रमाणात भाषेतच आली आहे. तरीही असल्या कामासाठी अजून पॅकेज शोधणारे विद्यार्थी मला भेटतात.

पॅकेज नाहीसे होण्यापेक्षा वाईट म्हणजे त्यात विष कालवले जाणे. २०१८ साली 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाच्या पॅकेजच्या कर्त्याने देखभालीचे काम एका अनोळखी माणसाच्या हवाली केले. त्या माणसाने त्यात आणखी एका पॅकेजची भर घातली, आणि त्या नव्या पॅकेजात एका विशिष्ट ॲपमधली बिटकॉइन चोरण्याची योजना दडवलेली होती. रिक्वायर ही हाक निरागस वाटते. पण ज्याला आपण घरात घेतो तो आपल्या प्रोग्रामाच्या साऱ्या अधिकारांनिशी चालतो. म्हणून लागेल तेवढेच घ्यावे. 'पॅकेज-डॉट-जेसन' ही मागणीची यादी, आणि 'पॅकेज-लॉक' हे मिळालेल्या मालाचे नेमके बिल : कोणती आवृत्ती आली, ती कुठून आली, आणि तिची खूण काय. यादीत ४.१८.२ च्या आधी टोपीसारखे चिन्ह असले तर ५.०.० च्या आतली कोणतीही नवी आवृत्ती चालेल असा अर्थ होतो. म्हणून आज आणि सहा महिन्यांनी एकाच यादीवर वेगळा माल येऊ शकतो. बिल जपून ठेवले तर तोच माल येतो. नोड-मॉड्यूल्सचे फोल्डर मात्र पेनड्राइव्हवर घालून हिंडवू नये. यादी आणि बिल दिले की एनपीएम ते पुन्हा उभे करतो.

आतापर्यंत सांगितले ते जुन्या पद्धतीविषयी. जून २०१५ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणातच मॉड्यूल आले, आणि त्याबरोबर 'इम्पोर्ट' आणि 'एक्सपोर्ट' हे दोन शब्द. हे भाषेचे स्वतःचे शब्द आहेत, रिक्वायरसारखे हाताखालचे कामकरी नव्हेत. नोडला मात्र ते पचवायला वेळ लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये, तेराव्या आवृत्तीच्या काळात, खास खूण न लावता ते चालू लागले. वेळ लागला ह्याचे कारण दोन पद्धतींचा स्वभावच वेगळा आहे.

रिक्वायर करताना नोड एकेक ओळ वाचत येतो, हाक दिसली की काम थांबवतो, वस्तू आणतो आणि पुढे जातो. ती हाक एखाद्या अटीच्या आतही असू शकते. इम्पोर्टमध्ये, लग्नघरात आचारी चूल पेटवण्याआधी सामानाची यादी तपासतो तसे, सगळ्या फायलींतल्या सगळ्या इम्पोर्ट-ओळी आधी वाचल्या जातात, कोणी काय मागितले आणि कोण ते देणार ह्याची जुळणी होते, आणि मगच पहिली ओळ चालते. म्हणून एखादे नाव देणारा ते देतच नसेल तर प्रोग्राम सुरू होण्याआधीच अडतो. मला ही अडवणूक आवडते. प्रसंग पाहूनच एखादे मॉड्यूल आणायचे असेल तर कंसातला इम्पोर्ट वेगळा आहे. तो लगेच वस्तू देत नाही, वचन देतो, आणि ते पुरे होईपर्यंत 'अवेट' करावे लागते.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. पावतीच्या फाइलीने केवळ 'क्रमांक' हा आकडाच दारात ठेवला आहे असे समजा. रिक्वायरने तो आकडा आपल्या नावात उतरवून घेतला, तर ती नक्कल झाली; तिकडे ४०१ चा ४०२ झाला तरी आपल्याकडे ४०१ च. इम्पोर्टने मिळते ती नक्कल नव्हे, ती खिडकी. पलीकडे आकडा बदलला की आपल्याला बदललेला दिसतो. मात्र खिडकीतून हात घालून तो बदलता येत नाही. तो अधिकार घरधन्याचाच. पत्त्यावरून ओळख पटवण्याचा नियम ह्याही पद्धतीत आहे, तेव्हा मोठ्या 'पी'ची काळजी येथेही घ्यावीच.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला तीन ठेचा हमखास लागतात. पहिली : इम्पोर्टमध्ये आपल्या फाइलचे नाव शेवटच्या 'डॉट-जेएस'सकट लिहावे लागते; रिक्वायरची सवलत येथे नाही. रायन डाल ह्यांनी स्वतः २०१८ साली बर्लिनमध्ये नोडविषयीच्या आपल्या पश्चात्तापांची यादी जाहीरपणे वाचली, तीत ही शेपूट गाळण्याची सवलत होती, 'इंडेक्स' फाइल होती, आणि नोड-मॉड्यूल्सचे फोल्डरही होते. दुसरी ठेच : फाइल कोणत्या पद्धतीची आहे हे नोडला कळायला हवे. त्यासाठी पॅकेज-डॉट-जेसनमध्ये 'टाइप' ह्या शब्दापुढे 'मॉड्यूल' लिहावे, किंवा त्या फाइलचा शेवट 'डॉट-एमजेएस' करावा. तसे न केल्यास जुन्या आवृत्त्या 'इम्पोर्टचे वाक्य मॉड्यूलबाहेर वापरता येत नाही' असे इंग्रजीत सुनावतात. नव्या आवृत्त्या मजकूर पाहून स्वतःच अंदाज करतात, तरी लिहून ठेवलेले बरे. तिसरी : फोल्डरचा पत्ता देणारी जी पाचवी वस्तू मघाशी सांगितली ती नव्या पद्धतीत नाही, कारण ते पोटात घालणारे फंक्शनच येथे नाही. तिच्याऐवजी 'इम्पोर्ट-डॉट-मेटा'कडून पत्ता विचारायचा.

ज्यांच्याकडे जुने प्रोग्राम आहेत ते विचारतात, आता सगळे पुन्हा लिहायचे का? मुळीच नाही. नव्या फाइलला जुन्या पद्धतीचे मॉड्यूल इम्पोर्टने घेता येते. जुन्याने दारात ठेवलेली संपूर्ण वस्तू 'डीफॉल्ट' ह्या नावाखाली मिळते. उलट दिशा मात्र बरीच वर्षे बंद होती : जुन्या फाइलने नवे मॉड्यूल रिक्वायर केले की चूक येई, आणि त्यापायी अनेकांचे चालते प्रोग्राम एका पॅकेजची नवी आवृत्ती घेताच मोडले. डिसेंबर २०२४ मधल्या बावीस-बाराव्या आवृत्तीपासून तीही वाट खास खुणेशिवाय मोकळी झाली. त्या मॉड्यूलमध्ये, किंवा त्याने पुढे आणलेल्या कशात, सर्वांत वरच्या पातळीवर 'अवेट' असेल तर मात्र अजूनही रिक्वायर नकार देतो, कारण तो वाट पाहत उभा राहणारा नव्हे. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याने इम्पोर्टच वापरावे. जुना चालता प्रोग्राम हातात असेल तर फाइल-फाइल करीत, चाचणी घेत घेत बदलावा.

आमचा फीचा प्रोग्राम त्याच दोन विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत इम्पोर्टवर आणला. बदल झाल्यावर तो आधी माझ्या लिनक्सवर चालवायचा आणि मगच ऑफिसात न्यायचा, असे ठरले आहे. छपाईयंत्राशी बोलणारी एक फाइल तेवढी अजून रिक्वायरवर आहे. तिचे पॅकेज जुने आहे, आणि प्रवेशाचे दिवस संपेपर्यंत तिला हात लावू नका असे अण्णांनी बजावले आहे.